नवा फोन : गरज कोणाची, वेळापत्रक कोणाचे?

(तालुका पातळीवरील कार्यकर्ता अभ्यासवर्गात केलेले भाषण)



काल दिवसभर या अभ्यासवर्गात शेतमालाचे भाव आणि श्रमसंहिता यांसारख्या भारदस्त विषयांवर चर्चा झाली. त्यानंतर आज सकाळी एक म्हातारा कार्यकर्ता ‘जुना मोबाइल फोन बदलावा की न बदलावा’ या विषयावर बोलावयास उभा राहतो, हे पाहून आपणांपैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले मला दिसते. ते स्वाभाविक आहे. परंतु हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. एका बैठकीत माझी जी फजिती झाली तिच्यातून तो माझ्याकडे आला आणि त्या बैठकीची हकीगत सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

आमच्या तालुक्यात घरकामगार स्त्रियांची एक संघटना आहे. सभासदाची वार्षिक वर्गणी साठ रुपये. गेल्या वर्षी कार्यकारिणीपुढे असा प्रस्ताव आला की, सचिव आणि खजिनदार या दोघींचे फोन जुने झाले आहेत, म्हणून संघटनेच्या निधीतून प्रत्येकी अठरा हजार रुपयांचे दोन नवे फोन घ्यावेत. मी सल्लागार म्हणून बसलो होतो. मी तात्काळ हिशेब मांडला : छत्तीस हजार रुपये म्हणजे सहाशे भगिनींची वर्षाची वर्गणी. दुसऱ्यांच्या घरची भांडी घासून मिळवलेल्या पैशांतून दिलेल्या सहाशे वर्गण्या आपण काचेच्या दोन तुकड्यांत घालणार काय, असे मी जरा आवेशाने विचारले. शिवाय खिशातला माझा बटनांचा फोन काढून सर्वांना दाखवला. माझे कोठे काही अडते काय, असेही म्हणालो.

तेव्हा मागे बसलेल्या एक ताई शांतपणे म्हणाल्या, “भाऊ, तुमचं अडत नाही हे खरंय. पण मोर्चाचं पत्रक सगळ्यांना पाठवा म्हणून तुम्ही सांगता ते कुणाच्या फोनवरनं जातं? तुमचं पुण्याचं तिकीट कोण काढतं? परवा आजारी पडलात तेव्हा डॉक्टरांना रिपोर्ट कुणी पाठवला? सचिवबाईंनीच ना? तुमचा साधेपणा आमच्या फोनवर चाललाय.”

साथींनो, माझ्यापाशी उत्तर नव्हते. पन्नास वर्षे आपण साधी राहणी ही चळवळीची शक्ती मानीत आलो, आणि ती आहेच. परंतु जो साधेपणा आपले काम दुसऱ्याच्या साधनावर ढकलतो त्याला व्रत म्हणता येत नाही; तो एक प्रकारचा ऐषारामच होय. त्या दिवशी निर्णय पुढे ढकलला गेला आणि प्रत्येक फोनची रीतसर तपासणी करून अहवाल देण्याचे काम माझ्याच गळ्यात पडले. त्या तपासणीत मी जे शिकलो ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

पहिली गोष्ट अशी की, ‘फोन जुना झाला’ हे वाक्य निरर्थक आहे. वैद्याकडे जाऊन ‘शरीर जुने झाले’ असे सांगण्यासारखेच ते आहे. दुखते कोठे हे सांगितले पाहिजे. फोनच्या बाबतीत चार निरनिराळी दुखणी एकाच नावाखाली खपतात आणि त्यांपैकी तीन दुखण्यांवर नवा फोन हे औषध नव्हे.

पहिले दुखणे बॅटरीचे. लिथियम-आयन बॅटरी ही रासायनिक वस्तू आहे. ती वापराने झिजते. बॅटरी पूर्ण भरणे आणि पूर्ण रिकामी होणे असे सुमारे पाचशे फेरे झाले की तिची धारणशक्ती मूळच्या ऐंशी टक्क्यांवर येते, असे कंपन्या स्वतःच दीर्घकाळ सांगत आल्या आहेत. नव्या काही फोनांत ही मर्यादा हजार फेऱ्यांपर्यंत गेली आहे. म्हणजे रोज चार्जिंग करणाऱ्या माणसाचा फोन दोन-तीन वर्षांत दुपारीच मान टाकू लागतो. तो माणूस म्हणतो, फोन गेला. वस्तुतः गेलेली असते ती बॅटरी, आणि ती बदलता येते. फक्त एक सावधगिरी सांगतो : बॅटरी फुगून फोनची पाठ उचलली गेली असेल तर तो फोन वापरणे त्याच क्षणी थांबवावे, तेथे काटकसर करू नये.

दुसरे दुखणे मंदपणाचे. सचिवबाईंचा फोन अडखळत होता. आम्ही तो उघडून पाहिला तेव्हा त्यातील जागा जवळजवळ संपूर्ण भरलेली होती, आणि भरली होती कशाने? सुप्रभाताच्या फुलांनी, सणांच्या शुभेच्छांनी आणि एकाच मोर्चाच्या सतरा जणांनी पाठवलेल्या त्याच त्या चित्रफितींनी! हे निर्माल्य काढून टाकल्यावर फोन बराच हलका झाला.

तिसरे दुखणे फुटक्या काचेचे किंवा सैल झालेल्या चार्जिंगच्या खोबणीचे. येथे दुरुस्तीचा दर विचारावा आणि भागाकार करावा. चौदाशे रुपयांची बॅटरी घालून फोन आणखी दोन वर्षे चालणार असेल तर खर्च वर्षाला सातशे पडतो. अठरा हजारांचा नवा फोन सहा वर्षे टिकला तरी वर्षाला तीन हजार पडतात, आणि तीन वर्षांत टाकून दिला तर सहा हजार. हा भागाकार दुकानदार कधी करून दाखवत नाही. तो दरमहाचा हप्ता सांगतो. त्यातही ‘शून्य टक्के व्याज’ असा फलक लावतो. शून्य टक्के व्याज अशी कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते. व्याज कोठे तरी दडलेले असते : कधी प्रक्रिया शुल्कात, कधी रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळणारी आणि हप्तेवाल्याला नाकारलेली सवलत होऊन.

आता चौथे दुखणे. हे मात्र खरे गंभीर आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही. फोनचे यंत्र शाबूत असते, काच धड असते, बॅटरी चालते. परंतु त्याच्या अंतर्गत प्रणालीत वेळोवेळी सापडणारी भगदाडे बुजवण्याचे काम कंपनीने थांबवलेले असते. फोनच्या सेटिंग्जमध्ये शेवटच्या सुरक्षा-सुधारणेची तारीख लिहिलेली असते. ती आपणांपैकी किती जणांनी पाहिली आहे? आमच्या खजिनदारबाईंच्या फोनवर ही तारीख अडीच वर्षांपूर्वीची निघाली. आणि त्याच फोनवर संघटनेच्या बँकेच्या खात्याचे ॲप होते, यूपीआय होते, सर्व सभासदांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक होते. त्या फोनकडे कोणी सहज पाहिले असते तर सचिवबाईंच्या फोनपेक्षा तो बरा आहे असेच म्हटले असते. ज्या फोनची तक्रार मोठी होती त्याला औषध साधे होते, आणि ज्याची तक्रार लहान होती तोच धोक्याचा होता.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो. फोन बदलावा की नाही हे बाजारात नवे काय आले आहे यावरून ठरवावयाचे नसते. आपल्या फोनवर कोणते काम सोपवलेले आहे आणि ते काम तो अजून सुरक्षितपणे करू शकतो काय, यावरून ते ठरते. नव्या फोनचा कॅमेरा इतक्या मेगापिक्सेलचा, असे जाहिरात सांगते. छायाचित्राची प्रत ही केवळ त्या आकड्यावर अवलंबून नसून भिंग आणि प्रकाशग्राहक पटलाचा आकार यांवरही असते हे सोडून द्या. आमच्या सचिवबाईंना मोर्चाचे छायाचित्र वर्तमानपत्राला पाठवायचे असते आणि ते जुन्या फोनने उत्तम निघते. जे काम आपणांस करावयाचेच नाही त्यासाठी अधिक शक्ती विकत घेणे म्हणजे बैलगाडीला तिसरे चाक जोडण्यासारखे आहे.

परंतु येथेच दुसरा प्रश्न उभा राहतो. यंत्र धड असताना त्याचे आयुष्य संपले असे ठरवले कोणी? सारा दोष कंपनीच्या कपटावर टाकण्याची आपणांस सवय आहे. मला वाटते की, आपण येथे थोडे विवेकाने बोलले पाहिजे. बॅटरी झिजते हा रसायनाचा नियम आहे. तो भांडवलदाराने केलेला नाही. पण त्या नियमाचा लाभ कोण आणि कसा उठवतो हे पाहावयास हवे. २०१७ च्या डिसेंबरात ॲपल कंपनीला मान्य करावे लागले की, बॅटरी झिजलेल्या जुन्या आयफोनची गती प्रणालीद्वारे कमी केली जात होती. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केले, असा तिचा खुलासा होता आणि तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्यही होते. मग अपराध कोणता? अपराध हा की, गिऱ्हाइकाला हे स्पष्टपणे सांगितले गेले नाही. नवी बॅटरी घातली तर फोन पूर्ववत् धावेल हे ज्याला ठाऊक नव्हते त्याने नवा फोन घेतला. या मौनाबद्दल फ्रान्समध्ये २०२० साली त्या कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड भरावा लागला.

ही युक्ती नवीनही नाही. १९२४ साली जिनिव्हात जगातील प्रमुख विजेच्या दिव्यांच्या कारखानदारांनी फीबस नावाचा संघ स्थापन केला आणि दिव्याचे आयुष्य एक हजार तासांच्या आसपास बांधून टाकले. त्याहून अधिक टिकणारे दिवे करणे कारखान्यांना ठाऊक होते. परंतु जो कारखाना अधिक टिकाऊ दिवा करील त्याला संघ दंड करीत असे. टिकाऊपणा हा गुन्हा ठरवणारी ती सनद होती. आज अशी सनद लिहावी लागत नाही. बॅटरी गोंदाने चिकटवली, सुटे भाग बाजारात पाठवलेच नाहीत, आणि सुरक्षा-सुधारणा दोन-तीन वर्षांत थांबवली, की तेच साध्य होते.

आणि या व्यवहारातही वर्गभेद आहे, हे मला विशेष बोचले. २०२३ आणि २०२४ मध्ये गूगल व सॅमसंग यांनी आपल्या महागड्या फोनांना सात वर्षे सुधारणा पुरवण्याचे वचन दिले. मध्यम किमतीच्या काही फोनांनाही आता सहा वर्षांचे आश्वासन मिळू लागले आहे. पण सर्वांत स्वस्त फोनांच्या वाट्याला बहुधा दोन-तीन वर्षेच येतात. दहा हजारांचा फोन दोन वर्षांत असुरक्षित झाला तर वर्षाला पाच हजार पडले. अठरा हजारांचा सहा वर्षे चालला तर तीन हजार. ज्याच्यापाशी एकरकमी पैसा नाही त्यालाच वस्तू अधिक महाग पडते, हा किराणा मालापासून चालत आलेला न्याय येथेही लागू आहे. म्हणून फोन घेताना किमतीच्या आधी विचारावे की, सुधारणा कोणत्या सालापर्यंत मिळणार? आणि हे ध्यानात ठेवावे की, ही वर्षे आपण फोन घेतला त्या दिवसापासून नव्हे, तर तो फोन प्रथम बाजारात आला त्या दिवसापासून मोजली जातात. सवलतीत मिळणारा दोन वर्षांपूर्वीचा फोन आपल्या आयुष्यातील दोन वर्षे आधीच खर्चून बसलेला असतो.

हा झाला आपल्या खिशाचा हिशेब. परंतु वस्तूच्या किमतीत जे लिहिलेले नसते तेही पाहणे हे आपल्या विचाराचे वैशिष्ट्य आहे. फोनच्या बॅटरीतील कोबाल्टपैकी फार मोठा भाग काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकातून येतो. जगात खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे सत्तर टक्के त्या एकाच देशातील. तेथील हातखाणींत मुले राबतात हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ साली जगापुढे मांडले. इकडे तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदुर येथे आयफोनची जुळणी करणाऱ्या फॉक्सकॉनच्या कारखान्यातील कामगार मुलींना डिसेंबर २०२१ मध्ये वसतिगृहातील अन्नातून विषबाधा झाली, तेव्हा त्या रस्त्यावर उतरल्या आणि त्यांनी चेन्नई–बंगळूर महामार्ग रोखला. फोन टाकून दिल्यावरही त्याची कथा संपत नाही. २०२२ या एका वर्षात जगात सहा कोटी वीस लाख टन विद्युत-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद एक-चतुर्थांशाहूनही कमी कचऱ्याची आहे. उरलेल्यापैकी काही दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत उघड्या हातांनी फोडला जातो. एका स्मार्टफोनमुळे त्याच्या साऱ्या आयुष्यात जे कर्बवायू हवेत जातात त्यांपैकी साधारणतः चार-पंचमांश तो घडवतानाच गेलेले असतात. याचा अर्थ सरळ आहे : असलेला फोन आणखी दोन वर्षे चालवणे हाच कर्बवायू वाचवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

येथे कोणी कामगार कार्यकर्ता विचारील, आणि त्याने विचारावेच, की फोन कमी खपले तर त्या श्रीपेरुंबुदुरच्या मुलींनी काय करावे? हा प्रश्न मी टाळणार नाही. आपण दर दोन वर्षांनी फोन घेतला म्हणून त्या मुलींचे जेवण सुधारले नव्हते. त्यांनी रस्ता रोखल्यावरच कारखान्याला वसतिगृहांकडे लक्ष द्यावे लागले. खप वाढला की कामगाराचे आपोआप भले होते हे कारखानदाराचे तत्त्वज्ञान आहे, आपले नव्हे. शिवाय दुरुस्ती हेही श्रमच आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यापासून तालुक्याच्या बसस्थानकासमोरील टपरीपर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली डाग देत बसलेली पोरे याच उद्योगाचे कामगार आहेत, आणि दुरुस्तीला दिलेल्या रुपयातील बराच भाग आपल्याच गावात राहतो.

साथींनो, आता मी या विषयाच्या गाभ्याशी येतो. आपल्या गरजेचे वेळापत्रक केवळ कंपनीच ठरवते असे नाही; शासनही ठरवते. २०१९ साली महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांना शासनाने फोन दिले. ते दोन जीबी रॅमचे होते. मार्च २०२१ मध्ये केंद्राने ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आणले. ते त्या फोनांना पेलेना; फोन तापू लागले, बंद पडू लागले, दुरुस्तीचा भुर्दंड तुटपुंज्या मानधनावर पडू लागला, आणि ॲपची भाषा तर इंग्रजी! तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये सेविकांनी ठिकठिकाणी ते फोन शासनाला परत केले. मला ही घटना मोठ्या मोलाची वाटते. ‘मी नवा फोन घ्यावा काय’ असा प्रश्न त्या भगिनींनी विचारला नाही. त्यांनी विचारले की, ज्याला ही माहिती हवी आहे त्यानेच ती भरण्याचे धड साधन का देऊ नये? त्याच ऑगस्टमध्ये राज्यभर शेतकऱ्याच्या हाती ‘ई-पीक पाहणी’ आली. २०२३ च्या आरंभापासून रोजगार हमीच्या कामावरील हजेरीही फोनवरील ॲपनेच घेणे सक्तीचे झाले. जे साधन नसेल तर मजुरी बुडते ते साधन चैनीची वस्तू राहत नाही. पण २०२० च्या एप्रिलपासून मोबाइल फोनवरील कर बारा टक्क्यांवरून अठरा टक्के करण्यात आला, हेही आपण विसरता कामा नये.

म्हणून माझे म्हणणे असे की, हा प्रश्न निम्मा व्यक्तीचा आहे आणि निम्मा सार्वजनिक आहे. व्यक्तीने आपला भागाकार करावा. परंतु त्या भागाकारातील आकडे बदलणे हे संघटित प्रयत्नांचे काम आहे, आणि ते बदलू शकतात. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या फोनांना असा नियम लागू झाला की, आठशे फेऱ्यांनंतरही बॅटरीत ऐंशी टक्के शक्ती राहिली पाहिजे, त्या फोनची विक्री थांबल्यानंतर सात वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत आणि पाच वर्षे सुधारणा पुरवल्या पाहिजेत. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२४ साली कायदा करून, सुटा भाग कंपनीने ‘ओळखला’ नाही म्हणून फोन अडवून धरण्याच्या प्रथेवर बंदी घातली. आपल्याकडे २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षाच्या अखेरीस एक संकेतस्थळ सुरू झाले, आणि वस्तूच्या दुरुस्तीयोग्यतेला गुण देण्याविषयीच्या समितीने २०२५ मध्ये अहवालही दिला. अहवाल मिळाला म्हणजे हक्क मिळाला असे मानण्याइतके आपण भोळे नाही. हक्काला दंडाची तरतूद असलेला कायदा लागतो, आणि तो आपोआप होत नाही.

आता आमच्या बैठकीचा शेवट सांगतो. माझ्या अहवालावरून कार्यकारिणीने असे ठरवले की, सचिवबाईंच्या फोनला चौदाशे रुपयांची नवी बॅटरी घालावी. सुधारणा त्याला अजून मिळत आहेत. खजिनदारबाईंना मात्र अठरा हजारांचा नवा फोन घ्यावा. कारण सभासदांच्या पैशाच्या सुरक्षिततेत काटकसर करण्याचा अधिकार कोणालाच नाही. त्यांच्या जुन्या फोनमधील बँकेचे ॲप आणि सर्व माहिती पुसून तो सभांची छायाचित्रे काढण्यापुरता कार्यालयात ठेवावा. एकूण खर्च एकोणीस हजार चारशे. छत्तीस हजारांतून वाचले सोळा हजार सहाशे, म्हणजे सुमारे पावणेतीनशे भगिनींची वर्गणी. मी पहिल्या दिवशी ‘दोन्ही नकोत’ म्हणालो होतो आणि प्रस्तावकांना ‘दोन्ही हवेत’ असे वाटत होते. दोघेही चुकलो होतो, कारण दोघांनीही फोन उघडून पाहिला नव्हता.

बैठक संपताना त्याच ताईंनी विचारले, “आणि भाऊ, तुमचं काय?” पुढच्या आठवड्यात मी एक वापरलेला फोन विकत घेतला. तो चोरीचा नाही हे ‘संचार साथी’ या शासकीय संकेतस्थळावर त्याचा आयएमईआय क्रमांक घालून पाहून घेतले, सुधारणांची तारीख पाहिली, आणि मगच पैसे दिले. आता माझे तिकीट मी काढतो. पत्रके मी पाठवतो. क्वचित् चुकीच्या माणसाला जातात, पण पाठवतो मीच. बटनांचा फोनही जवळ आहे. तो अजून चालतो, आणि चालतो तोवर त्याला टाकण्याचे कारण मला दिसत नाही.

आपापल्या शाखेत परत गेल्यावर आपण एवढे करावे. शाखेचा पैसा, सभासदांची नावे आणि पत्ते ज्या ज्या फोनवर आहेत त्यांची सुरक्षा-सुधारणेची तारीख वहीत लिहावी. कोणता फोन दुरुस्तीला न्यावयाचा आणि कोणता बदलावयाचा हे सभेत हिशेब मांडून ठरवावे. आणि जेथे एखादे सरकारी ॲप गरिबाला नवा फोन घ्यावयास भाग पाडते तेथे त्या फोनची किंमत कोणी द्यावी, हा प्रश्न तहसील कचेरीच्या दारात जाऊन विचारावा.